दगडावर लागणारी धार

वालूरच्या शाळेत धम्मानंद वाव्हळे एकवीस वर्षं लोकांची नावं लिहीत आला होता. दाखल-खारीज रजिस्टर, बोनाफाईड, टीसी. मूल पहिल्यांदा शाळेत येतं तेव्हा त्याचं नाव धम्मानंद लिहितो आणि दहावी होऊन निघून जातं तेव्हाही तोच लिहितो. मधल्या काळात त्या मुलाचं काय झालं, हे कागदावरून कळत नाही. नावं पुण्याला जातात, हैदराबादला जातात, ऊसतोडीला जातात. रजिस्टर तेवढं कपाटात राहतं आणि पावसाळ्यात फुगतं. संध्याकाळी खुर्चीतून उठताना तो आपले दोन्ही तळहात बघायचा. त्यांच्यावर दिवसभराची काही खूण नसायची. अशा हातांची माणसाला भीती वाटू शकते, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

कोरोनात शाळा बंद पडली त्या वर्षी त्यानं घरामागच्या शेळ्यांच्या रिकाम्या गोठ्यात खड्डा खणला, कोळसा पेटवला, जुन्या कूलरच्या मोटारीला पाइप जोडून वारा दिला आणि भंगारातली एक सळई लाल केली. सतरा-अठरा घाव बसल्यावर तिचा खिळा झाला. वाकडा, एका अंगानं जाड, कुठंच ठोकता न येणारा. तो त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुढचे आठ दिवस खिशाला हात लावून बघत राहिला.

मग नाद लागला. गावात नादाला नावं ठेवत नाहीत. कुणाला पत्त्याचा असतो, कुणाला पुढारपणाचा, कुणाला कबुतरांचा. पण लोखंडाचा नाद कुणी ऐकला नव्हता. लोखंड लोहारानं मारावं नाहीतर घिसाड्यानं. गावातलं लोहाराचं एकुलतं घर कधीच सेलूला वेल्डिंगचं दुकान टाकून बसलं होतं, आणि वाव्हळ्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐरणीला हात लावलेला नव्हता. लोक म्हणायचे, शाळेच्या बाबूला कोळसा लागला.

त्याला काय लागलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. लोखंड भट्टीतून बाहेर काढल्यावर लाल राहतं ते चार श्वास. त्या चार श्वासांत ठरवावं लागतं, कुठं मारायचं, किती मारायचं. नंतर ते काळं पडतं आणि पुन्हा कुणाचं ऐकत नाही. शाळेच्या कचेरीत सगळ्याच गोष्टींना मुदतवाढ मिळायची. इथं मिळत नव्हती.

पण कोळसा फुकट येत नाही. या उन्हाळ्यात त्यानं ऐरणीसाठी रेल्वेच्या रुळाचा जड तुकडा आणला, कोळशाची तीन पोती आणली, आणि हे सगळं फ्रिजसाठी बाजूला ठेवलेल्या पगारातून आणलं. त्याची बायको मनिषा अंगणवाडी सेविका. ती त्या दिवशी गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"मी तुमचा नाद मोडत न्हाई," ती म्हणाली. "लोकांचे नवरे कुठं कुठं बसतेत. तुमी कोळशात बसताव. बसा. पण पगाराचा एक रुपया आता ह्या खड्ड्यात जानार न्हाई. भट्टीनं भट्टीचं पोट भरावं. पोळ्यापर्यंत बगते. न्हाई जमलं तर मी इथं मोरी बांधते."

"म्हंजे मी काय करू?"

"इका."

"काय इकू? खिळे?"

"खिळे कोन घेतंय तुमचे? लोकाला लागतं ते करा."

ओसरीतल्या बाजेवर सटवाजी, धम्मानंदचे वडील, डोळे मिटून पडले होते. वय ऐंशीच्या घरात. रस्त्याच्या कामावर गँगमन म्हणून पस्तीस वर्षं खडी फोडून त्यांनी या पोराला खुर्चीवर बसवलं होतं. त्याच पोराला कोळशानं काळा झालेला बघून त्यांच्या मनात काय चाललं असेल, हे आजवर कुणाला कळलं नव्हतं.

"धम्मा," ते डोळे न उघडता म्हणाले, "इकनार म्हन्तोस?"

"बगतो, दादा."

"इक. पन एक ध्यानात ठिव. भाव तू सांगायचा. पैसे रोख घ्यायचे. कुनी सुपात घालून दिलं, सुगीला देतो म्हनलं, तर घ्यायचं न्हाई. ज्या दिशी तू तसं घेशील, त्या दिशी मी माज्या हातानं त्या भट्टीत पानी वततो."

यामागचं धम्मानंदला माहीत होतं, घरात ते एकदाच सांगितलं गेलं होतं. सटवाजी लहान असताना सुगीच्या दिवसांत आपल्या बापाबरोबर खळ्यावर जायचे. बाप वर्षभर गावाची कामं करायचा आणि वर्षाच्या शेवटी खळ्याच्या कडेला चादर पसरून उभा राहायचा. शेतकरी वरून धान्य ओतायचा. किती ओतलं, हे तो सांगायचा नाही आणि विचारायची रीत नव्हती. चादरीचं एक टोक लहान सटवाजीच्या हातात असायचं. छपन्न साली घरानं दीक्षा घेतली, त्यानंतर बाप खळ्यावर गेला नाही. ती चादर पुढं कितीतरी वर्षं घरात पांघरायला होती. तिचं ते टोक सटवाजी पायाकडं करून झोपायचे.

तर अशा दोन अटी पडल्या. एकीनं भट्टीचं पोट बांधलं, दुसरीनं तोंड.

धम्मानंदनं खुरपी करायचं ठरवलं. आषाढात जिल्ह्यातल्या सगळ्या बाया सोयाबीन-कपाशीत आपापली पात, म्हणजे ओळ, धरून खुरपं घेऊन बसतात. खुरप्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. सेलूच्या भंगारातून त्यानं ट्रकच्या कमानीचे पाटे आणले. पोलाद कसं कडक करायचं, हे मोबाइलवर बघितलं. तिथं दाढीवाले परदेशी लोक सुरे बनवायचे. पातं लाल करायचं, तेलात बुडवायचं, मग कानस घासून बघायची. कानस पात्यावरून घसरली की समजायचं, काम झालं. धम्मानंदनं गॅरेजातून काळं तेल आणलं. रोज पहाटे साडेचारला उठून शाळेच्या वेळेपर्यंत तो खपायचा. महिनाभरात अकरा खुरपी झाली. कानस प्रत्येकावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. त्यानं ती ग्राइंडर मशिनीवर पॉलिश केली, बाभळीच्या मुठी बसवल्या, आणि बाजाराच्या दिवशी अर्धी रजा टाकली.

"कारण काय लिहू?" हेडमास्तरांनी विचारलं.

"खासगी काम."

ते खासगी काम गावानं तासाभरात बघितलं. लसूणवाली आणि दोरखंडवाल्याच्या मध्ये बारदान अंथरून बाबू बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. पुढं अकरा खुरपी.

पहिली आली कस्तुराबाई. अर्धा एकर स्वतःचं, बाकी वर्ष रोजानं. चौदा बायांची टोळी तिच्या शब्दावर चालायची. ती ज्या शेतात जाईल तिथं बाकीच्या जात, ती जे खुरपं घेईल तेच बाकीच्या घेत. तिनं एक खुरपं उचललं, उन्हात धरलं, त्यात स्वतःचं तोंड बघितलं.

"बाबू, हे खुरपं हाय का आरसा?"

"धार बगा, मावशी."

"धार बगू का कुंकू लावू?" मागच्या बाया हसल्या. "केवढ्याला?"

"दीडशे."

"सेलूचा वेल्डिंगवाला शंभरला देतो की."

"त्याचं मशिनीचं. हे हातचं."

कस्तुराबाईनं त्याच्या हातांकडं बघितलं. "हात तर सरकारी दिसतेत," ती म्हणाली. तरी कमरेची पिशवी सोडून तिनं दीडशे रुपये मोजले. तिनं घेतलं म्हणून बाकीच्यांनी घेतलं. तासाभरात बारदान रिकामं झालं. घरी जाताना धम्मानंद चालत होता की तरंगत होता, ते त्याला आठवत नाही. पैसे त्यानं रुमालात बांधून खिळ्याशेजारी ठेवले. कोळसेवाला महिनाअखेरीला यायचा होता.

त्याच्या आत पुढचा बाजार आला. धम्मानंद नवी चार खुरपी घेऊन बसला होता. समोरून कस्तुराबाई आली, मागं सहा जणी. तिनं आपलं खुरपं बारदानावर टाकलं. धार म्हातारीच्या बोळक्यासारखी झाली होती.

"बाबू, तुमचं खुरपं लय शिकलेलं हाय. दगडाचं ऐकतच न्हाई."

"म्हंजे?"

"दगडावर घासलं तर नुसतं चीं चीं करतं. धार लागत न्हाई. आन गोट्यावर बसलं की दात पडतेत. पातीवर बसल्यावर तासा तासाला धार लावावी लागती, बाबू. आता काय करू, शेतातून उठून तुमच्या घरी येऊ का मशिनीवर?"

एकेक करत सात खुरपी बारदानावर पडली. धम्मानंदनं एक हातात घेतलं. कानस घसरली की काम झालं, असं तो समजत होता. आणि जिथं कानस घसरते तिथं दगडही घसरणार, हे लहान पोराला कळावं इतकं सोपं होतं. त्यानं आयुष्यभर खुरपणाऱ्या बायांच्या गावात राहून, त्यांचा कमरेचा दगड रोज बघून, पातं दाढीवाल्या परदेशी माणसाला विचारून केलं होतं.

"बाकीच्या चौघी?" त्यानं विचारलं.

"त्यांची मोडली. शेतातच पडलीत."

त्यानं रुमाल सोडला. सात जणींचे पैसे दिले, आणि उरलेल्या चौघींचेही कस्तुराबाईच्या हातात दिले. तिनं ते मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले. मग निघून गेली. रुमाल रिकामा झाला.

दोरखंडवाल्याच्या दुकानाशी बन्सीधर उभे होते. तीस एकर जमीन, दोन ट्रॅक्टर, शाळेच्या समितीवर. माणूस वाईट नव्हता. धम्मानंदच्या आईच्या आजारपणात त्यांनीच गाडी दिली होती. ते जवळ येऊन उकिडवे बसले.

"बाबू, कशाला बाजारात बसताव तुमी? बायका नाव ठिवायल्यात. माज्याकडं या ना. वखराच्या पासा हाईत, कुदळी हाईत, विळे हाईत. वर्षाचं सगळं काम तुमचं. कोळसा मी टाकतो गोठ्यात, पायजे तेवढा. आन सुगीला दोन पोती ज्वारी घरपोच. पयले लोहाराला तसंच होतं. चांगली पद्धत होती ती."

भट्टीचा सगळा प्रश्न त्या दोन वाक्यांत मिटत होता. कोळसा दारात, मनिषाची अट पुरी, मोरी रद्द. बन्सीधरांच्या आवाजात कसलाही कमीपणा नव्हता. ते खरोखरच भलं करायला बसले होते. धम्मानंदला वाटलं, असं भलं नाकारायला वैरापेक्षा जास्त बळ लागतं.

"काका, नगाला भाव सांगतो," तो म्हणाला. "एका पाशीचे इतके, एका कुदळीचे इतके. काम झालं की रोख द्या. तुमचं पयलं करतो."

बन्सीधर हसले. "घरच्या मानसात कुठं रोख असतं का, बाबू?"

"मग न्हाई जमनार, काका."

बन्सीधर उठले, धोतर झटकलं. "बगा. पुन्हा म्हनू नका इचारलं न्हाई."

पोळ्याला पाच आठवडे होते. घरी त्यानं परत आलेली सात आणि न विकलेली चार खुरपी गोठ्यात ठेवली. मनिषानं बघितलं, कळायचं ते तिला कळलं.

"इटावाल्याला सांगून ठिवू का?" तिनं विचारलं. त्यात टोचणी नव्हती, थकवा होता.

"पोळा कुठं झालाय अजून?" धम्मानंद म्हणाला.

सेलूच्या रस्त्याला, फाट्याच्या पुढं, सरजाबाईचं पाल होतं. घिसाड्याची बाई. त्या लोकांत पुरुष सांडशी धरून बसतो आणि बाई उभी राहून घण मारते. सरजाबाईनं चाळीस वर्षं असा घण मारला होता. आता नवरा वारला होता, म्हणून ती सांडशी धरून त्याच्या जागेवर बसायची आणि घण सुनेच्या हातात असायचा. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. त्या दिवसांत पाल मुकं होतं. एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, धम्मानंद तिथं गेला आणि तिच्यापुढं आपलं खुरपं ठेवलं. तिनं ते ऐरणीच्या कडेला हलकेच आपटलं, आवाज ऐकला.

"काच केलीस लेका."

"कानस घसरती, माय."

"बाई शेतात कानस घेऊन बसती व्हय?" ती म्हणाली. "कुनाच्या दगडावर घासनार हाय हे?"

"कस्तुराबाईच्या."

"मग त्या बाईचा दगड घिऊन ये. तिचा दगड बगितल्याबिगर पात्याला पानी कसं पाजू, किती कडक करू? कुनाचा दगड मऊ असतो, कुनाचा करकरीत."

"शिकवाल का मग?"

"फुकट न्हाई. माजी सून न्हाई इथं. दोन दिस घण मारायचा."

आदल्या रात्री पाऊस झाला होता, रानात चिखल होता, बाया घरीच होत्या. धम्मानंद तसाच कस्तुराबाईच्या दारात गेला. ती शेंगा फोडत बसली होती.

"आता दगडबी न्यायला आलाव?" ती म्हणाली. "पैसे परत दिलेत तवा मला वाटलं, बाबू सुधरला."

"दोन दिवसांसाठी द्या, मावशी."

तिनं कमरेच्या पिशवीतून दगड काढला. काळा, हाताच्या तळव्याएवढा, मधोमध घासून खोल झालेला. "माज्या सासूचा हाय," ती म्हणाली. "वापसा येऊस्तोर ठिवा. रान वाळलं, पाय भरंना झाला, की दगड माज्या हातात पायजे. तुमच्यापायी मी दातानं धार लावनार न्हाई."

त्या शनिवारी आणि रविवारी सेलूला जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या एसट्यांनी बघितलं की शाळेचा बाबू रस्त्याच्या कडेला घण मारतोय. सरजाबाई सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायची, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं एक जागा टक करून दाखवायची, आणि तिथंच घण पडायला हवा असायचा. टक. धण्ण. टक. धण्ण. पहिल्या तासात त्याचे निम्मे घाव चुकले.

"मी दावते तिथं मार. तुला वाटतं तिथं न्हाई."

"चुकलं, माय."

"बोलू नको. दम जातो."

एका एसटीच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "सर, तुमी?" धम्मानंदनं मान वर केली नाही. टक झालं होतं.

रविवारी दुपारी तिनं त्याला सांडशी दिली. पातं लाल कर. सगळं बुडवू नको, धारेची कडच पाण्यात धर, बोटभर. काढ. आता वाळूवर घासून उजळ कर आणि बघ. त्यानं बघितलं. मागच्या अंगाची ऊब हळूहळू धारेकडं सरकत होती आणि तिच्यापुढं रंग चालत होते. आधी गव्हाच्या काडाचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा.

"छन्नी असती तर पिवळ्यावरच पाण्यात टाकायला सांगितलं असतं," सरजाबाई म्हणाली. "हे खुरपं हाय. जाऊ दे. मोराच्या गळ्याचा रंग धारेवर येऊ दे... आला का? टाक!"

पाणी फुत्कारलं. तिनं कस्तुराबाईच्या सासूचा दगड त्याच्या हातात दिला. त्यानं घासलं. चीं चीं झालं नाही. खर्र झालं. दगडानं पोलाद पकडलं होतं.

ते पहिलं चांगलं झालं, ते तिच्या डोळ्यांनी. त्यानंतरची पाच त्यानं एकट्यानं बिघडवली. कधी रंग पळून गेला, कधी हात घाईला आला. सातवं पुन्हा दगडावर खर्र बोललं. अंधार पडायच्या आधी सरजाबाईनं विचारलं, "घरी घण कोन मारतं?"

"कुनी न्हाई. एकटाच ठोकतो."

"एकट्याची भट्टी नसती लेका. एका हातानं धरायचं, एका हातानं मारायचं, मग बगायचं कोनी?"

घरी सटवाजी ओसरीत बसून होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"घिसाड्याच्या पालावर दोन दिस राबलास म्हनं."

"व्हय, दादा."

"काय दिलं तिनं?"

"काय न्हाई. तिचं काम झालं, मी शिकलो."

"सुपात, फडक्यात, काय?"

"न्हाई."

म्हाताऱ्यानं त्याचे हात ओढून उजेडात धरले. फोड आले होते, दोन फुटले होते. सटवाजींनी ते बराच वेळ बघितले. त्यांच्या स्वतःच्या तळव्यांवर खडीच्या हातोड्याचे घट्टे अजून होते. "हळद-तेल लाव," ते म्हणाले आणि हात सोडले.

सोमवारी पहाटे धम्मानंद कमानीचा जाड पाटा छन्नीनं चिरायला बसला. सांडशी डाव्या हातात, छन्नी धरायला हातच नाही, आणि तळव्यांना हातोडा सोसवत नव्हता. मनिषा पाण्याची घागर घेऊन जाता जाता थांबली. घागर खाली ठेवली. पदर खोचला आणि कोपऱ्यातला घण उचलला.

"कुठं मारू?"

"मनिषा..."

"पैसे देनार न्हाई म्हनले होते. हात देनार न्हाई असं कुठं म्हनले? कुठं मारू सांगा, गार व्हायलंय ते."

त्यानं छन्नी धरली, तिच्या टोकानं जागेवर टक केलं. धण्ण. भिंतीपलीकडून शेजारच्या चतुराबाईचं डोकं वर आलं.

"मनिषा, अंगनवाडीचा खाऊ कुटायलीस का?"

"व्हय. तुला धाडू का वाटीभर?"

बुधवारी वापसा आला. सकाळी सात वाजता धम्मानंद दगड आणि एक खुरपं घेऊन कस्तुराबाईच्या टोळीमागं शेताच्या बांधावर गेला. तिनं आधी दगड बघितला, उलटापालटा केला, मग खुरपं घेतलं. चार वेळा घासलं. खर्र, खर्र. ती पातीवर बसली. चौदा बाया मान वळवून बघत होत्या. अर्ध्या पातीत खुरपं गोट्यावर बसलं, तो आवाज बांधापर्यंत आला. कस्तुराबाईनं पातं डोळ्यांपाशी नेलं. कड किंचित वळली होती, तुटली नव्हती. दगडावर दोनदा ओढलं आणि पुढं सरकली. पात संपल्यावर ती उठून आली.

"केवढ्याला?"

"दीडशे."

"आत्ता पैसे न्हाईत. सुगीला पायलीभर मूग देते. दीडशेच्या वर जातेत ते."

 बन्सीधरांना नाही म्हणणं सोपं होतं, हे धम्मानंदला आता कळलं. समोर तीस एकरवाला नव्हता. सासूचा दगड विश्वासानं देणारी बाई होती, आणि तिच्या अर्ध्या एकरातले मूग होते.

"मूग नको, मावशी."

"का? माज्या मुगात किडे हाईत?"

"तसं न्हाई. मी पैशानंच इकतो. बाजारात या. खुरपं तुमच्यासाठी बाजूला ठिवतो."

"पैशानंच इकतो!" तिनं खुरपं त्याच्या हातात जवळजवळ फेकलं. "लय मोठा दुकानदार. चला गं, पाती धरा."

तो खुरपं घेऊन बांधावरून परत आला.  एक शब्द खाली घेतला असता तर ती टोळी आज त्याची होती. चालताना त्याला ती चादर आठवली, तिचं ते टोक. तो थांबला नाही. शाळेत पोचला, हात धुतले, टीसीच्या चार अर्जांवर नावं लिहिली. पेनाच्या शाईला त्या दिवशी कोळशाचा वास होता.

पुढचे साडेतीन आठवडे मनिषानं रोज पहाटे तासभर घण मारला. खड्ड्यातला शेवटचा कोळसा संपला तेव्हा बावीस खुरपी झाली होती. त्यातलं एकही चमकत नव्हतं. प्रत्येकाच्या धारेवर मोराच्या गळ्याचा एक पुसट पट्टा होता, बस.

पोळ्याच्या आधीचा बाजार. सकाळी निघताना मनिषानं विचारलं, "इटावाल्याला काय सांगू?"

"संध्याकाळी सांगतो."

बारदान अंथरून बघतो तर सटवाजी काठी टेकत येत होते. गेली दोन वर्षं ते बाजारात आले नव्हते. ते बारदानाच्या कडेला, लसूणवालीनं दिलेल्या पोत्यावर बसले. काठी मांडीवर आडवी. ते खुरपी बघत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात बघत होते.

दहा वाजले, अकरा वाजले. पोळ्याचा बाजार, लोक बैलांचे गोंडे, वेसणी आणि रंग घेत होते. तीन खुरपी गेली. धम्मानंदनं एक बाजूला ठेवलं होतं, ते तसंच होतं.

साडेअकराला कस्तुराबाई आली. एकटी नव्हती. ती बारदानापुढं उभी राहिली, पिशवी सोडली, आणि शंभराची एक व पन्नासाची एक नोट बारदानावर ठेवली. हातात दिली नाही.

"मोजा," ती म्हणाली.

"दोनच नोटा हाईत, मावशी."

"तरी मोजा. दुकानदार हाव ना तुमी?"

त्यानं दोन्ही नोटा उचलल्या, मोजल्या आणि बाजूला ठेवलेलं खुरपं तिला दिलं. तिनं तिथंच कमरेचा दगड काढून एकदा घासलं, कान देऊन ऐकलं, मान हलवली. मग मागं वळून बायांना म्हणाली, "घ्या गं. ह्यानं मूग घेतले न्हाईत माजे, पन खुरपं बरं केलंय."

बाया वाकल्या. एकीला मूठ जाड हवी होती, एकीला पातं रुंद. प्रत्येक बाई आपापल्या दगडावर घासून बघत होती; लसूणवाली ओरडली, "अगं बाजार हाय का दळन?" धम्मानंद एकीला पातं बदलून देत होता, दुसरीचे सुटे मोजत होता, तिसरीला सांगत होता की दोन महिन्यांनी आणा, पुन्हा पाणी पाजून देतो, त्याचे वेगळे पडतील. कोळशाच्या दोन पोत्यांचे पैसे सुटले होते, तिसऱ्याकडं चाललं होतं. त्या गर्दीत बाजूनं एक बाहेरगावचा माणूस आला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि त्यानं एक खुरपं उचलून विचारलं, "काय देऊ ह्याचं?"

धम्मानंदनं ऐकलं नाही. सटवाजींनी ऐकलं.

"दीडशे," ते म्हणाले. गलक्यात ते त्या माणसाला ऐकू गेलं नाही. म्हणून त्यांनी मोठ्यानं पुन्हा सांगितलं, "दीडशे. रोख." आणि काठी बाजूला ठेवून त्यांनी घट्टे पडलेला हात पुढं केला.